एक्सएफएस रिपेअरमधील थ्रेड आणि प्रीफेचचा पॅच तपासताना नेमके काय पाहावे?

बाणेरकर:
आमच्या कार्यालयात स्टोरेजचे काम चालते आणि एक्सएफएस रिपेअर या, एक्सएफएस फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची रचना) दुरुस्त करणाऱ्या साधनाची सुधारित प्रत आम्ही स्वतः सांभाळतो. एका सहकाऱ्याने नुकताच एक पॅच, म्हणजे कोडमधील बदल, तपासणीसाठी पाठवला आहे. मूळ कोडमध्ये प्रत्येक प्रीफेचसाठी (लागणारे ब्लॉक डिस्कवरून आधीच वाचून ठेवण्यासाठी) आयओ थ्रेडची, म्हणजे समांतर वाचन करणाऱ्या धाग्यांची, संख्या 4 अशी ठरलेली आहे. ती त्याने सीपीयूच्या संख्येवर नेली असून त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) वाचन सुरू होण्याची वाट पाहणाऱ्या थ्रेडचे लॉकिंगही, म्हणजे थ्रेडनी एकमेकांसाठी थांबण्याची व्यवस्थाही, बदलले आहे. दुरुस्ती लवकर संपते हे त्याने दाखवले आहे. तथापि, ग्राहकाची मोडलेली फाइलसिस्टीम ज्याच्या हाती सोपवायची, त्या साधनाला केवळ वेगाच्या आधारावर मान्यता द्यायला मन धजत नाही. मी कशावर बोट ठेवावे?

कोथरूडवासी:
आधी पॅचचे दोन तुकडे करून मागा. थ्रेडची संख्या आणि लॉकिंग एकत्र बदलल्यावर पुढे एखादे मशीन अडकले, तर दोष कोणाचा हे बायसेक्ट करूनही (कमिट निम्मे-निम्मे करत तपासूनही) कळत नाही.

लॉकिंगच्या तुकड्यात प्रत्येक कंडिशन व्हेरिएबलपाशी, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत थ्रेड जिथे झोपतो तिथे, थांबून वाचा. वाट पाहणे ‘इफ’मध्ये आहे की ‘व्हाइल’मध्ये? थ्रेड विनाकारणही जागा होऊ शकतो, म्हणून जागे झाल्यावर अट पुन्हा तपासलीच पाहिजे. ‘वाचायला हरकत नाही’ हा फ्लॅग त्याच म्यूटेक्सखाली (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाखाली) बदलला जातो का, हेही पाहा. तसे नसेल तर अट तपासणे आणि झोपी जाणे यांच्या मधल्या क्षणी जागे करणारा सिग्नल निघून जातो आणि तो थ्रेड कायमचा ताटकळतो. त्याहून दुर्लक्षित राहणारी जागा म्हणजे अपयशाची वाट: एकही आयओ थ्रेड तयार झाला नाही, तर प्रीफेचची वाट पाहत बसलेल्या मुख्य प्रक्रियेला कोण उठवणार? याचे उत्तर सहकाऱ्याने कमिटच्या संदेशातच लिहावे.

एजींच्या, म्हणजे फाइलसिस्टीमच्या स्वतंत्र विभागांच्या (अलोकेशन ग्रुप), वाटणीचे गणितही कडेच्या आकड्यांवर करून पाहा. 33 एजी आणि एजी स्ट्राइड, म्हणजे एका थ्रेडकडे द्यायच्या एजींची संख्या, 8 असेल तर 5 थ्रेड होतात आणि शेवटच्याच्या वाट्याला एकच एजी येतो. चुका नेमक्या तिथे सापडतात. 32 एजींवर सगळे सुरळीत दिसते.

पाषाणकर:
वरील मुद्दे योग्यच आहेत, परंतु मला थ्रेडच्या संख्येचीच अधिक शंका येते. प्रीफेचचा फायदा केवळ समांतर वाचनातून येत नाही. इनोड (फाइलीची माहिती ठेवणारी नोंद) आणि डिरेक्टरीचे ब्लॉक डिस्कवरील क्रमाने लावून, जवळजवळचे एकत्र वाचण्यातून तो येतो. फिरत्या डिस्कवर सीपीयूइतके थ्रेड सोडले तर हेड नुसते इकडून तिकडे धावत राहील. सहकाऱ्याने चाचणी एनव्हीएमईवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, केली आहे का, हे विचारा. शिवाय प्रीफेच फार पुढे धावला आणि कॅशे (वाचलेले ब्लॉक ठेवण्याची मेमरी) भरला, तर वापरण्याआधीच बफर, म्हणजे मेमरीत आणलेले ब्लॉक, बाहेर फेकले जाऊन तेच ब्लॉक दोनदा वाचावे लागतात. म्हणून ‘-एम’ या पर्यायाने मेमरी कमी ठेवूनही एकदा चालवून पाहावे.

बिनचूकपणाच्या दृष्टीने एकच गोष्ट मोलाची आहे. प्रीफेचने आणलेला बफर तपासलेला आहे असे कोणीही गृहीत धरू नये. मूळ कोडमध्ये अशा बफरवर ‘न तपासलेला’ अशी खूण असते आणि प्रत्यक्ष वापराच्या वेळी सीआरसी (बिघाड ओळखणारा पडताळणी आकडा) पडताळला जातो. नव्या पॅचमध्ये ही खूण कुठे पुसली जात असेल, तर बिघडलेला ब्लॉक धडधाकट म्हणून पुढे जाईल.

बाणेरकर:
आभारी आहे. पॅच दोन भागांत मागवला आहे. निकाल जुळतात की नाही हे पडताळण्याची खात्रीची पद्धत कोणती?

कोथरूडवासी:
मोडलेल्या फाइलसिस्टीमचा एक्सएफएस मेटाडंप, म्हणजे फाइलींचा मजकूर वगळून फक्त रचनेची नक्कल, घ्या. त्यात फाइलींची बहुतांश नावे मुळातच झाकली जातात, त्यामुळे ग्राहकही सहसा आढेवेढे घेत नाही. तो दोन स्वतंत्र फाइलींत एमडीरिस्टोअरने (मेटाडंप पुन्हा उभा करणाऱ्या साधनाने) उतरवा, एकीवर ‘-पी’ देऊन, म्हणजे प्रीफेच बंद ठेवून, आणि दुसरीवर नव्या पॅचने दुरुस्ती चालवा. थ्रेडमुळे संदेशांचा क्रम बदलेल, म्हणून दोन्ही नोंदी सॉर्ट करूनच त्यांची तुलना करावी. दुरुस्तीनंतर दोन्हींवर ‘-एन’, म्हणजे काही न बदलता केवळ तपासणी, चालवल्यावर एकही तक्रार निघता कामा नये. मध्येच प्रक्रिया अडकली तर ती मारण्यापूर्वी जीडीबी या डीबगरने सर्व थ्रेडचा बॅकट्रेस (कोणता थ्रेड कोडमध्ये कुठे थांबला आहे याची यादी) घ्या आणि तो पॅचच्या चर्चेत जसाच्या तसा जोडा.