मदत हवी आहे: मुलांना बायबलमधल्या गोष्टी येतात, पण त्यांचा क्रम लागत नाही

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. वास्कोला आमच्या मराठी मंडळीत मी संडे स्कूल घेते. मुलं दहा ते चौदा वर्षांची. बहुतेकांचे आईवडील सोलापूर, नगर भागातून नोकरीसाठी इकडे आलेले. घरात मराठी, गल्लीत कोकणी, शाळेत इंग्रजी.

मुलं हुशार आहेत. स्तोत्र 23 घडाघडा म्हणतात. गल्याथ, योना, सिंहांची गुहा, सगळं तोंडपाठ. पण मागच्या रविवारी मी विचारलं, "दानीएल बाबेलला पोचलाच कसा?" वर्ग गप्प. शेवटी एक मुलगी म्हणाली, "मोशेबरोबर." नबुखद्नेस्सराने यरुशलेमला वेढा घातला, माणसं धरून बाबेलला नेली, पुढे मंदिरही जाळलं, हे मधलं सगळं गळून गेलंय. ते कळल्याशिवाय यिर्मया संदेष्टा का रडतो, लोक मशीहाची वाट का बघतात, हे त्यांना कसं उमगणार? अम्माऊसच्या वाटेवर येशूनेही मोशे आणि संदेष्ट्यांपासूनच सुरुवात केली (लूक 24:27). मला मुलांना तसं सलग शिकवायचंय. तुम्ही कसं शिकवता?

गोव्यात आणखी एक प्रश्न हमखास येतो. शेजारची कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाच्या वर्गाला) जातात, त्यांच्या बायबलात 73 पुस्तकं, आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात 66. एकाने विचारलं, "टीचर, आपली सात कुठे गेली?" नवा करार दोघांचा सारखाच, 27 पुस्तकांचा, फरक जुन्या करारात आहे, एवढं मी सांगितलं. शेजाऱ्यांच्या श्रद्धेला कमी न लेखता पुढे काय सांगावं?

आणि गोव्यात आलेले इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांचं मराठी काव्य ख्रिस्तपुराण कोणी वर्गात वापरलंय का? 1616 साली इथेच राशोलला छापलेलं, पहिलं पुराण जुन्या करारावर, दुसरं येशूच्या जीवनावर. मला हवा तोच क्रम, तोही ओव्यांत. भाषा जुनी आहे, पण चालीवर म्हटलं तर मुलं धरतील असं फार वाटतं. कोणत्या भागापासून सुरू करू?

प्रतिसाद:

ताई, सलाम. मी फोंड्याला शिकवतो. वर्गात आडवी दोरी बांधून मोजक्याच चिठ्ठ्या लावतो: अब्राहाम, मोशे, दावीद, राज्याची फाळणी, उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन पडली (इ.स.पू. 722), मंदिर जळालं (इ.स.पू. 586), बाबेलहून परत येणं, येशू. मग एकेका मुलाला एकेक संदेष्टा द्यायचा आणि पहिलं वचन उघडायला लावायचं. यशया 1:1 मध्ये चार राजांची नावं आहेत, दानीएल 1:1 मध्ये यहोयाकीमाचं. योनापाशी मुलं अडतात, कारण त्याच्या पुस्तकात इस्राएलच्या राजाचं नावच नाही. तेव्हा 2 राजे 14:25 काढायला सांगा. तिथे दुसऱ्या यरोबामाच्या काळात अमित्तयाचा मुलगा योना सापडतो. वेळ लागला तरी उत्तर तुम्ही सांगू नका. स्वतः शोधलेलं मुलं विसरत नाहीत.

सात पुस्तकांचं सांगायचं तर, ती जुन्या ग्रीक भाषांतरात होती, यहुद्यांच्या इब्री शास्त्रात नाहीत. कॅथलिक मंडळीने ती ठेवली, प्रॉटेस्टंटांनी इब्री यादी धरली. मुलांना एवढं पुरतं, कोणी दुखावतही नाही. ओव्यांचा अनुभव मला नाही, ज्यांना आहे त्यांनी जरूर लिहा.