वजनकाट्याचं फीचर अर्धवट आहे, रिलीज थांबवायचं का करून टाकायचं?

जळगावचा_कोडर: आम्ही जिनिंगवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. दिवाळीच्या आसपास कापसाच्या गाड्या लागतात, त्याच्या आत नवीन व्हर्जन द्यायचंय. बाकी सगळं रेडी, फक्त वजनकाट्यावरून आकडा थेट पावतीत यायचं काम अडकलंय. काही काट्यांवर गाडी चढल्यावर आकडा हलतच असतो आणि आमचं सॉफ्टवेअर तो स्थिर व्हायच्या आत उचलून घेतं. माझं मत, तेवढं बंद ठेवा आणि बाकीचं रिलीज करा.

तापीकाठचा: काय बोलतो भो, ऑर्डरी त्याच फीचरवर घेतल्या ना? थांबा की मग. उबुंटू ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी 2006 मध्ये एप्रिलचं व्हर्जन जूनला काढलं, 6.04 चं 6.06 झालं (नंबरात वर्ष अन् महिना असतो), आज कोणाला आठवतो तो उशीर?

भुसावळ_जंक्शन: ते फीचरसाठी नव्हते थांबले, टेस्टिंग अन् पॉलिशसाठी थांबले, त्यावर डेस्कटॉपला 3 अन् सर्व्हरला 5 वर्षं सपोर्ट द्यायचा होता म्हणून. तुझंच उदाहरण उलटं पडतंय. पोस्टग्रेस या डेटाबेसचं बघ, 2022 मध्ये व्हर्जन 15 च्या बीटात, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, आलेलं जेसनचं (डेटा लिहायची एक पद्धत) बरंचसं काम शेवटी उपसून काढलं अन् ऑक्टोबरला रिलीज केलंच. त्यातलं जेसन टेबल नावाचं फीचर 2024 मध्ये व्हर्जन 17 सोबत आलं. बाकीच्यांना दोन वर्षं ताटकळत ठेवायचं होतं का?

तापीकाठचा: त्यांनी काढलं, तुम्ही लपवताय. बटण बंद केलं तरी कोड आतच राहतो, मग चालू आणि बंद दोन्ही तपासायला लागतं, ते कोण करून राहिलं?

रावेरचा_केळीवाला: मी वापरणारा माणूस, माझंबी ऐका. ऐन हंगामात नवीन काहीच नको. बाहेर गाड्या उभ्या, आत मुनीम नवीन स्क्रीनवर जुनं बटण शोधतोय, हे मागच्या साली भोगलंय, शेवटी हातानं पावत्या फाडल्या. द्यायचं तर हंगामाच्या महिनाभर आधी द्या, नाहीतर हंगाम उलटल्यावर.

जळगावचा_कोडर: दादा, म्हणूनच तर थांबायला नको म्हणतोय, आता थांबलो की ते ऐन हंगामातच येईल. आणि काट्याचा कोड या व्हर्जनमधून काढूनच टाकतो, तापीकाठच्याचं तेवढं पटलं. भरल्या गाडीचा आकडा चुकला तर शेतकऱ्याचे पैसे जातात.

तापीकाठचा: काढ. पण ज्यांनी काट्यासाठी ॲडव्हान्स दिलाय त्यांना फोन तूच कर, मार्केटिंगवाल्यावर ढकलू नको.