पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावरच क्लासला घालायचं का?

कृष्णाकाठ
सांगली-मिरजेत पिल्लू आणलं की पहिला सल्ला ठरलेला: "सहा महिन्यांचं होऊ दे, मग ट्रेनिंग बघू." माझ्या मते सहा महिन्यांनी सुरू होतं ती दुरुस्ती असते. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, ज्यावर पाय ठेवतं, ते त्याच्या लेखी नेहमीचं होतं. त्यानंतर भेटलेली नवी गोष्ट आधी संशयाची. आपल्याकडे ही यादी मोठी आहे: कर्णा लावलेली उसाची ट्रॉली, हेल्मेटवाला, रेनकोट, जाळीचा लोखंडी जिना, गणपतीतले ढोल. ढोलाचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून, पिल्लू जेवत असताना. ताटलीतून मान वर काढली तर आवाज जास्त झाला.

या वयाचा क्लास म्हणजे कवायत नव्हे. तीन-चार मिनिटांचा धडा, दिवसातून चार-पाच वेळा. नावाला वळून बघणं, बसणं, तोंडातलं सोडणं, हाकेला येणं, एवढंच. हातात घास धरून बसवायचं ते पाच-सहा वेळा, मग रिकामा हात तसाच फिरवायचा. नाहीतर घास दिसला तरच बसणारं कुत्रं तयार होतं. घास हरभऱ्याच्या डाळीएवढा, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा. आणि पट्टा मालकाच्याच हातात.

पोवईनाका
असहमत. पार्व्होचा (पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणाऱ्या रोगाचा) विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आपली मैदानं म्हणजे भटक्या कुत्र्यांचा राबता. लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, आणि ती कुठल्या पिल्लात कधी संपेल ते वरून दिसत नाही. दोन डोस झाले म्हणजे सुटलो, असं नसतं. भित्रं कुत्रं सांभाळता येतं, मेलेलं नाही.

कृष्णाकाठ
मातीबद्दल शंभर टक्के मान्य, पण क्लास मातीवरच घ्यायचा असं कुठंय? फरशीचा हॉल किंवा गच्ची घ्या. आधी घाण धुऊन काढा, मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं, आणि साध्या फिनाइलवर पार्व्होसाठी भरवसा नको. पहिली लस होऊन निदान सात दिवस झालेले असावेत, जंताचं औषध दिलेलं असावं, मग पिल्लांचा वर्ग सातव्या-आठव्या आठवड्यापासून चालतो. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यकांच्या संघटनेनं हे 2008 मध्येच लेखी सांगितलंय. बाजारपेठ दाखवायची तर कडेवर घेऊन. खाली ठेवायचं नाही.

साखळीवाला
डाळीएवढं पनीर पिल्लापुरतं ठीक. चाळीस किलोचा रॉटवायलर समोरच्या बोक्याकडे झेपावला की पनीर कुठं शोधणार? चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) नीट वापरली तर वाईट नाही. लोक ती उलटी घालतात, ही खरी गोची. कुत्र्यासमोर उभं राहून घालताना साखळीचा आकार इंग्रजी 'पी'सारखा दिसला पाहिजे. कुत्रं डावीकडे चालत असेल तर तशीच साखळी झटक्यानंतर आपोआप सैल होते. उलटी घातली की आवळलेलीच राहते. आणि नोकरदार माणसाला वेळ कुठाय? ट्रेनर तीन महिने येऊन शिकवून जातो, यात बिघडलं काय?

घमेलं
बिघडतं ते चौथ्या महिन्यात. ट्रेनर यायचा थांबला की कुत्रं मालकाला ओढत नेतं, कारण ते ट्रेनरचं ऐकायला शिकलंय, शब्दाचं नाही. वाढत्या पिल्लाच्या श्वासनळीवर साखळीचा झटका नकोच. ओढणाऱ्या मोठ्या कुत्र्याला छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगावर बसणारा पट्टा) घाला. तो ओढेल तेव्हा अंगच बाजूला वळतं.

पण माझा मुद्दा वेगळा. स्पर्धेचं कुत्रं पिल्लूपणी घडतं की बिघडतं, ते मागच्या पायांवर ठरतं. पिल्लाला मागे आपल्याला दोन पाय आहेत याचा पत्ताच नसतो. एक बुटकी चौकी घ्या (घमेलं पालथं घालू नका, तळ गोलसर असतो, पाय घसरतात, या नावाचा आयडी हे सांगतोय, हसू नका). चौकीऐवजी लाकडी पाटही चालतो, वर पोतं टाका. पुढचे दोन पाय पाटावर. तुम्ही पाटाभोवती एक पाऊल सरका, त्याचं मागचं अंग तुमच्याकडे सरकलं की त्याच क्षणी "शाब्बास" आणि घास. आधी एक पाऊल, मग पाव वळसा. हील म्हणजे डाव्या बाजूला, खांदा तुमच्या पायाच्या रेषेत. हे सगळं या पाटावरून सुरू होतं.

आणि घास डाव्या हातानं, पँटच्या डाव्या शिवणीजवळ. उजव्या हातानं पोटापुढून दिला की कुत्रं तोंड तुमच्यापुढे आणतं, मागचं अंग बाहेर फेकलं जातं. मग "तिरकं बसतं" म्हणून तक्रार.

पोवईनाका
सातारा-सांगलीत किती जण स्पर्धेला उतरणार? घरच्या कुत्र्याला ही कलाकुसर कशाला?

घमेलं
घरापुरती एवढी तंगडतोड नको असेल तर दोन शब्द ठेवा. "चल" म्हणजे दोरी सैल, बाकी हुंगत ये. "हील" म्हणजे बरोबर जागेवर, तेही दहा-वीस पावलंच. फिरायला नेताना "हील, हील" घोकत राहिलं की शब्दाची किंमत जाते.

स्पर्धेचं गणित मात्र कडक आहे. अमेरिकन केनेल क्लबच्या आज्ञापालन स्पर्धेत नॉव्हिस (नवशिक्या) वर्गात पास व्हायला 200 पैकी 170 गुण लागतात, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून जास्त. रिंगणात खाऊ नेता येत नाही. म्हणून सरावातही खिसा रिकामा ठेवून, बक्षीस बाहेर खुर्चीवर, तिथं पळत जाऊन द्यायचं. "स्टे"मधून (जागेवर थांबवलेलं असताना) एकदा हाक मारली तर पाच वेळा परत जाऊन जागेवर घास द्या, नाहीतर कुत्रं हाकेच्या आधीच उठतं. अंतर, वेळ, गोंगाट यातलं एका वेळी एकच वाढवा. दहापैकी आठ वेळा जमलं तर पुढे, निम्मंही नाही जमलं तर एक पायरी मागे.

सहा महिन्यांचा हट्ट धरणाऱ्यांचं एक मात्र खरं: उड्या लवकर नकोत. आयजीपी परीक्षेतला (माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण अशी कामाच्या कुत्र्यांची परीक्षा) उडीचा अडथळा एक मीटरचा असतो. मोठ्या जातींची हाडं भरायला वर्ष ते दीड वर्ष जातं, तोवर काठी जमिनीवर आडवी ठेवून ओलांडायला लावा. त्या परीक्षेच्या आधीच्या बीएच चाचणीलाही (आज्ञापालन आणि रस्त्यावरची वागणूक बघणारी) वयाची अट 15 महिने आहे.

कारवानी
सगळे लॅब, जर्मन शेफर्ड धरून बोलताय. जतकडच्या कारवानी जातीच्या कुत्र्याला हे जसंच्या तसं लावू नका. तो नजरेनं शिकार करणारा, हुकमाची वाट बघणारा नाही. पनीरला अनेकदा हुंगतही नाही. काठीला फडकं बांधून पळवा, तेच त्याचं बक्षीस. गार फरशीवर बसत नसेल तर हट्टीपणा समजू नका, मांडीवर मांस कमी, हाड टोचतं. गोणपाट टाका किंवा "बस"ऐवजी "उभा" शिकवा. आणि मोकळ्या रानात दहा मीटरची दोरी काढायची घाई करू नका, ससा दिसला की हाक हवेत जाते.

साखळीवाला
चला, हार्नेस घालून बघतो. आता हुकूम कुठल्या भाषेत? घरचे मराठीत बोलतात, ट्रेनर इंग्रजीत.

कृष्णाकाठ
कुत्र्याला भाषेशी देणंघेणं नाही, शब्द एकच पाहिजे. फक्त "बस" नको. पाहुणा आला की "बस", पोरगं दंगा करतंय की "बस झालं", वाढताना "बस, बस". दिवसातून पन्नास वेळा कानावर पडून बक्षीस एकदाही नाही. "सिट" ठेवा किंवा "बैठ", आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे आज्जी "बस रे बाळा" म्हणायच्या नाहीत.