मदत हवी आहे: शेरूच्या डोळ्याखालची गाठ फुटली, डॉक्टर म्हणतात दाताचं दुखणं आहे

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहितो आहे. शेरू आमचा गावठी कुत्रा, वय नऊ. वावरात रात्रीच्या जागलीला रानडुकरांची चाहूल माझ्याआधी त्यालाच लागते.

महिन्याभरापूर्वी त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ आली. काटा लागला असेल म्हणून हळद-तेल लावलं. आठ दिवसांनी गाठ फुटली, पू आला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या इंजेक्शनांनी जखम सुकली, पण पंधरा दिवसांत परत तिथंच फुगली. दुसऱ्या डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवलं: वरच्या मोठ्या दाढेचा पापुद्रा निघालेला, बाकी दातांवर चुन्यासारखं पिवळं-काळं किटण, हिरड्या लालभडक. दाढ काढावी लागेल म्हणाले, पण भुलीची सोय त्यांच्याकडे नाही.

तोंडाला वास तर दोन वर्षांपासून येत होता. आई म्हणते, "बुढा झाला आता तो, दात पडनच त्याचे." मीही तेच धरून चाललो. भाकरीचा तुकडा घेतो, मान तिरपी करतो, दोनदा चावतो आणि खाली पाडतो. आता दुधात कुस्करून देतो आहे. बाजारात बैल घेताना आपण आधी जबडा उघडतो, दोन दाती की चार दाती की जुळला ते पाहतो. शेरूचा ओठ मात्र नऊ वर्षांत एकदाही वर करून पाहिला नाही. याचं फार वाईट वाटतं.

मला विचारायचं ते असं. या वयात भूल सोसेल का? दाढ न काढता गोळ्यांवर भागेल का? आणि घरात चार महिन्यांचं पिल्लू आहे, त्याच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून काय करू? कडुनिंबाची काडी चालेल का?

तुळसअंगण यांचा प्रतिसाद

दादा, त्या दाढेची मुळं थेट डोळ्याखाली असतात, म्हणून मुळाशी धरलेला पू तिथून फुटतो. गोळ्यांनी तो तात्पुरता सुकतो; दाढेवर इलाज होईपर्यंत पुन्हा येत राहणार. मटणाची हाडं देत होता का? अशी दाढ बहुतेक हाडानंच फुटते.

नुसत्या वयामुळे भूल टाळत नाहीत. आधी रक्त तपासून लिव्हर-किडनी पाहतात, छाती ऐकतात. भूल न देता किटण खरवडून देणाऱ्याकडे जाऊ नका. खरी घाण हिरडीच्या आत असते, तिथं जागं कुत्रं हात लावू देत नाही. तुम्हाला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडेल, नाहीतर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. आधी फोन करून दाताचं काम कोणत्या दिवशी होतं ते विचारा. तोवर माणसाची दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका, कुत्र्याला ती जिवावर बेतू शकते.

पिल्लाचं आत्ताच सुरू करा. दुधाचे २८ दात पडून सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. तोवर त्याला तोंडाला हात लावू द्यायची सवय लागली पाहिजे. आधी नुसता ओठ उचला, मग बोटाला मऊ ओलं फडकं गुंडाळून दातांची बाहेरची बाजू पुसा, पुढं लहान मुलांचा मऊ ब्रश. रोज करा, कारण दातावरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो आणि मग ब्रशनं निघत नाही. आपली पेस्ट नको, कुत्री ती गिळतात; त्यांची वेगळी मिळते. काडीनं हिरडी फाटते. चघळायला जे द्याल त्यात नख रुतलं पाहिजे.

धागालेखक

ताई, खूप आभार. हाडं देत होतो, प्रत्येक पंगतीनंतर राखून आणायचो त्याच्यासाठी. आजपासून बंद. अकोल्याला फोन लागला, गुरुवारी बोलावलं आहे. भूल द्यायची ठरली तर आदल्या रात्री शेवटची भाकर कितीला द्यायची, ते उद्या परत फोन करून विचारतो.