सॉर्टेड वापरूनही आडनावे वर्णानुक्रमे लागत नाहीत : मदत हवी आहे

निळीशाई : आमच्या वाचनालयातील सभासदांची यादी वार्षिक सभेपूर्वी, म्हणजे परवा सकाळपर्यंत, फलकावर लावायची आहे. संगणकावर यादी क्रमाने लावणारे सॉर्टेड हे फंक्शन वापरले तरी क्रम चुकतो. काळे हे कावळे आणि कासार यांच्या आधी येतात, क्षीरसागर कोल्हे यांच्या पाठोपाठ येतात, आणि कुऱ्हाडे आडनावात सुनंदा यांच्यानंतर पुन्हा अनंत येतात. कृपया लवकर उपाय सांगावा.

पायवाट : कोणती भाषा, कोणती आवृत्ती, आणि नावे कोणी व कशी टंकली आहेत?

कोरापाट : आपण बहुधा लिस्टची सॉर्ट ही पद्धत वापरून तिचे उत्तर दुसऱ्या चलात साठवत आहात. ती मूळ यादीच बदलते आणि उत्तरादाखल 'नन', म्हणजे 'काहीच नाही', देते. नवी यादी सॉर्टेड देते. माझे दोन दिवस या एका गोष्टीत गेले होते.

निळीशाई : 'नन' येत नाही. यादी येते, क्रम चुकतो, असे मी वर लिहिले आहे. भाषा पायथॉन, आवृत्ती ३ आहे. नावे इतक्या वर्षांत वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांनी वेगवेगळ्या कळफलकांवर टंकली आहेत.

पायवाट : हे शेवटचे वाक्य पहिल्याच निवेदनात हवे होते. सॉर्टेडला वर्णमाला ठाऊक नसते; ते युनिकोडने, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण यादीने, प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांची तुलना करते. हा क्रमांक सांगणाऱ्या ऑर्ड या फंक्शनला 'ळ' दिला तर २३५५ मिळतात, 'व' दिला तर २३५७ आणि 'ह' दिला तर २३६१, म्हणून काळे पुढे सरकतात. आता कुऱ्हाडे आडनावाच्या त्या दोन नोंदी घेऊन फक्त आडनावाची लांबी लेन या फंक्शनने मोजून सांगा.

निळीशाई : अनंत यांच्या आडनावाची ८, सुनंदा यांच्या आडनावाची ९. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात.

पायवाट : सुनंदा यांचे आडनाव ॲस्की या फंक्शनला द्या, म्हणजे मध्ये २००डी असे दिसेल. ते न दिसणारे जोडचिन्ह आहे. एकाने सरळ ऱ टंकला, दुसऱ्याने र, हलन्त आणि हे चिन्ह. तुलनेपूर्वी दुसरे रूप पहिल्यात बदलून घ्या.

दौत : अशी ठिगळे लावण्यापेक्षा आयसीयू या युनिकोडविषयक तयार संचाचे पायथॉन पॅकेज बसवावे. भाषावार क्रम लावण्याचे काम त्यात जाणकारांनी केलेले आहे.

निळीशाई : वाचनालयाच्या संगणकाला इंटरनेट नाही.

कोरापाट : मुळात क्षीरसागर 'क'मध्येच हवेत, कारण क्ष म्हणजे क् अधिक ष. संगणक येथे चुकलेला नाही.

दौत : व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु फलकासमोर उभा राहणारा सभासद शाळेत पाठ केलेल्या ह, ळ, क्ष, ज्ञ या क्रमानेच आपले नाव शोधतो.

निळीशाई : सभासदांना शेवटी क्षच हवा आहे. मी सॉर्टेडच्या 'की'मध्ये, म्हणजे फक्त तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या रूपात, ळच्या जागी फार मोठ्या क्रमांकाचे चिन्ह घातले. काळे जागेवर आले, पण मळेकर आता मोरे यांच्याही खाली गेले!

पायवाट : कारण काना २३६६ वर आहे आणि आपले चिन्ह सर्व मात्रांच्या पलीकडे गेले. ळ हा ह आणि काना यांच्या मधल्या फटीतच बसला पाहिजे. क्रमांकावरून चिन्ह देणाऱ्या सीएचआर फंक्शनने २३६२, २३६३ आणि २३६४ या क्रमांकांची चिन्हे मिळवून ती अनुक्रमे ळ, क्ष आणि ज्ञ यांच्या जागी घाला. यांतील पहिली दोन मराठीत लागत नाहीत. तिसरे मात्र नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, आहे, म्हणून यादीत कोठे नुक्ता नाही ना, हे आधी पाहा. हा बदल फक्त 'की'मध्ये करायचा असल्याने छापली जाणारी नावे जशीच्या तशी राहतील.

निळीशाई : नुक्ता नव्हता. काळे कासार यांच्यानंतर आले, मळेकर मोरे यांच्या आधी आले, आणि कुऱ्हाडे अनंतपासून सुनंदापर्यंत सलग लागले. मनापासून आभार. कुऱ्हाडे आडनावाच्या दोन सभासदांच्या मात्र प्रत्येकी दोन नोंदी आता एकाखाली एक आल्या आहेत, त्यामुळे वर्गणीच्या पावत्या उद्या पुन्हा ताडून पाहाव्या लागतील.