प्रतिसाद: पूरक म्हणजे विरुद्ध नव्हे

'पूरक म्हणजे विरुद्धच' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. आमच्या नागपूरची तर्री-पोह्याची प्लेट बघा, म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट रस्सा. पोहे तांदळाचे, त्यात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी; तर्रीतल्या हरभऱ्यात ते भरपूर. हरभऱ्यात मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते तांदूळ भरून काढतो. वडाभाताचंही तेच, डाळींचे वडे आणि भात. यात विरोध कुठे आहे? एकाची उणीव दुसरा भरतो, एवढंच. अर्थशास्त्रातही हीच जोडी चालते, एकत्र वापरल्या जाणाऱ्या वस्तू तिथे पूरक: पोहे महागले की तर्रीचीही मागणी घटते.

गणितात मात्र शब्दांचा घोळ आहे, आणि तो मुलांना फार छळतो. दोन कोनांची बेरीज ९०° असेल तर इंग्रजीत ते कॉम्प्लिमेंटरी. आपल्या पुस्तकात ते कोटिकोन. आपले पूरक कोन म्हणजे १८०° बेरजेचे, इंग्रजीत सप्लिमेंटरी. पण संचाचा कॉम्प्लिमेंट (संचाबाहेर उरलेले घटक) पुन्हा पूरक संच! माझ्या मते 'कोटि' हा शब्द फार सुंदर आहे. कोटिज्या, म्हणजे कोसाइन, ही कोटिकोनाची 'ज्या', म्हणजे साइन: ६०° ची कोटिज्या आणि ३०° ची ज्या दोन्ही अर्धा. कोसाइनमधला 'को' आणि कोटिज्येतला 'कोटि' दोन्हींत ९०° ला उरलेला कोनच आहे. शिकवताना हे आधी सांगा, मुलं सूत्र पाठ करत बसणार नाहीत.