मदत हवी आहे: जीआर यारिस घेऊ की सुबारू 360?

नमस्कार मंडळी,

मुक्काम नागोया. ऑफिसला लोकलने जातो, त्यामुळे गाडी फक्त शनिवार-रविवारसाठी. घरून परवानगी एकाच गाडीची आहे आणि मन दोन टोकांना अडकलंय.

एक आहे टोयोटा जीआर यारिस, 2020 चं मॉडेल, मॅन्युअल. 1618 सीसी, तीन सिलिंडर टर्बो, 272 पीएस (म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर), फोर व्हील ड्राइव्ह, वजन साधारण 1280 किलो. चालवून पाहिली. दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला की पाठ सीटला चिकटते, आणि मजा यायला लागेपर्यंत स्पीड लिमिट संपलेलं असतं!

दुसरी सुबारू 360. 1958 साली आलेली, 356 सीसी, एअर कूल्ड टू-स्ट्रोक, इंजिन मागे. पहिल्या मॉडेलला 16 पीएस होते. मी पाहिलेली नंतरची, 20 पीएसची. लांबी तीन मीटरच्या आत, चाकं 10 इंची, दारं उलटी उघडणारी. वजन कमी ठेवायला छत फायबरग्लासचं केलंय. यारिसचं छत त्याच कारणासाठी कार्बन फायबरचं आहे, म्हणजे साठ वर्षांनी तीच युक्ती. मालक आजोबांनी इंजिन चालू केलं आणि तो टू-स्ट्रोकचा निळा धूर नाकात गेला. पंपावर उभं राहून लूनात ऑइल टाकून घेतलेल्या माणसाचं काय होणार, सांगा.

आता अडचणी. आमच्या बिल्डिंगचं पार्किंग यांत्रिक आहे, रुंदीची मर्यादा 1800 मिमी. यारिस 1805! पाच मिलिमीटरसाठी बाहेर महिन्याच्या भाड्याने जागा बघावी लागेल, तीही घरापासून 2 किमीच्या आत, नाहीतर पार्किंगचा दाखला मिळत नाही. 360 तिथे आरामात मावते. रोड टॅक्सही यारिसला वर्षाला 36,000 येन, तर 360 ला जुनी म्हणून वाढवूनसुद्धा 12,900.

पण मेइशिन एक्सप्रेसवेवर ट्रकांच्या रांगेत 20 पीएस घेऊन शिरायचं? बायको म्हणते, तू जा, मी शिंकान्सेनने येते.

जपानमध्ये जुनी केई कार (360 सारखी लहान इंजिनाची छोटी गाडी) सांभाळणारं कुणी इथे आहे का? दर दोन वर्षांच्या शाकेनसाठी (सक्तीच्या वाहन तपासणीसाठी) 360 कुठल्या गॅरेजला दाखवता? क्रँकशाफ्टचे सील आणि ब्रेकचे भाग अजून मिळतात का, की मोडीतल्या गाड्यांवरच भागवायचं? उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं का? घेण्याआधी खालून गंज नेमका कुठे कुठे तपासू? आणि यारिसवाल्यांनो, शहरातल्या शहरात ती वापरून खरंच समाधान मिळतं का, की ट्रॅकवर नेल्याशिवाय पैसे फुकट?

'दोन्ही घे' म्हणणाऱ्यांनी कृपया आमच्या घरी फोन करून तसं सांगावं.

आजोबा महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत, म्हणून जरा घाई आहे.